१९४८ ची प्लिमथ आणि पसरणीचा घाट: सहा सिलिंडरचं जुनं इंजिन बांधताना ताकद कुठून काढायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आजोबांची १९४८ ची प्लिमथ घरात आहे आणि मूळ सहा सिलिंडरचं इंजिन अजून गाडीतच आहे. सपाटीला ती बरी चालते, पण वाईहून पाचगणीला निघालं की पसरणीच्या घाटात अर्ध्यावर दम टाकते आणि उकळते. इंजिनचं काम वीस वर्षांपूर्वी एकदा झालंय. एक मेकॅनिक सांगतो डिझेल इंजिन बसवा, दुसरा सांगतो दोन कार्बोरेटरचा मॅनिफोल्ड बाहेरून मागवा. तुम्हाला शर्यत लावायची नाही. गाडी रस्त्यावर खणखणीत चालावी आणि घाट हसत चढावी, एवढंच हवंय.

मी कोल्हापुरात ३४ वर्षं इंजिनं बांधतो, आणि ही साईड व्हॉल्व्हची (व्हॉल्व्ह वरच्या हेडमध्ये नाही, सिलिंडरच्या बाजूला ब्लॉकमध्ये असलेली) सहा सिलिंडर इंजिनं त्यातली माझी सगळ्यात आवडती. आधी उत्तर देतो. डिझेल अजिबात नको. दोन कार्बोरेटर आत्ता नको. तुमची हरवलेली ताकद तीन ठिकाणी अडकलेली आहे: पाण्याच्या वाटेत, व्हॉल्व्हच्या सीटवर (व्हॉल्व्ह बंद होताना जिथे टेकतो ती कड) आणि हेडच्या (इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या) पोकळीत. पैसे आधी तिथे घाला.

डिझेलचं आधी संपवतो. पेट्रोल परवडेना झालं तेव्हा आपल्याकडे कितीतरी अमेरिकन गाड्यांच्या पोटात डिझेल इंजिनं गेली. त्यातल्या ज्या माझ्याकडे परत आल्या, त्यांचा क्रॉस मेंबर (चासीची आडवी पट्टी) कापलेला, माउंटिंग वेल्डिंगने लावलेलं, आणि तीन गिअरच्या खोक्याचे दात डिझेलच्या झटक्यांनी झिजलेले. शिवाय २०२१ च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, ती चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेल्या मूळ रूपातल्या गाडीला. (त्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही, हेही लक्षात घेऊन ठरवा.) डिझेल बसवलंत की तो रस्ता बंद. आणि मूळ इंजिन एकदा भंगारात गेलं की तुमच्या नातवंडांना ते कुठून आणणार?

आता या इंजिनाची ओळख, कारण ती नीट असेल तर पुढचं सगळं सोपं जातं. क्रायस्लर कंपनीने हे सहा सिलिंडर साईड व्हॉल्व्ह घराणं प्लिमथमध्ये १९३३ साली आणलं आणि गाड्यांमध्ये १९५९ पर्यंत चालवलं. आपल्याकडे वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात १९४७ पासून डॉज, प्लिमथ, डिसोटो आणि फार्गो जोडायला सुरुवात केली, म्हणून मुंबई-पुण्याकडे ही इंजिनं इतकी दिसायची. याच घराण्यातल्या मोठ्या भावाची पाच इंजिनं एकत्र जोडून क्रायस्लरने दुसऱ्या महायुद्धात शेर्मन रणगाड्याचं तीस सिलिंडरचं इंजिन केलं होतं. इतका विश्वास त्या ब्लॉकवर होता.

तुमच्या गाडीत असायला हवं ते २१७.८ घन इंचाचं, म्हणजे साधारण ३५७० सीसीचं इंजिन: बोअर (सिलिंडरचा व्यास) सव्वातीन इंच, स्ट्रोक (पिस्टनची धाव) चार इंच तीन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). नवं असताना ९५ हॉर्सपॉवर, ३६०० आरपीएमला. पण घाटाशी संबंध असलेला आकडा दुसराच आहे. याचा सगळ्यात जास्त टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, १२०० आरपीएमच्या आसपास मिळतो. लांब स्ट्रोकचं हे इंजिन ओढणारं आहे, पळणारं नाही. त्याला फिरवून ताकद काढायला गेलात तर ते तुटेल. खालच्या फेऱ्यांत त्याचा दाब वाढवलात तर बैलासारखं ओढेल.

एक काम आजच करा. ब्लॉकच्या डाव्या बाजूला पुढे, डायनामोच्या वर, एक सपाट पट्टी आहे. तिथे नंबर ठोकलेला असतो. पी १५ ने सुरू होत असेल तर ते १९४६ ते ४८ च्या प्लिमथचं मूळ इंजिन. डी २४ असेल तर ते त्याच काळातल्या डॉजचं २३० घन इंचाचं. मग टेप घेऊन हेडची लांबी मोजा. २३ इंच भरली तर अमेरिकन प्लिमथ-डॉजचा ब्लॉक, २५ इंच भरली तर क्रायस्लर-डिसोटोचा किंवा कॅनडात बांधलेला. दोन्ही वरून सारखेच दिसतात, पण पिस्टन आणि हेड पॅकिंग एकमेकांना लागत नाहीत. कॅनडाच्या २५ इंची ब्लॉकमध्ये सुद्धा एक २१८ घन इंचाचं इंजिन आहे, त्याचा बोअर मात्र तीन इंच तीन सूत. इतक्या वर्षांत कोणी ब्लॉक बदलला असेल तर कागदावर लिहिलेलं काही खरं नाही. हेड न मोजता पिस्टन मागवून बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

इंजिन उघडण्याआधी दोन चाचण्या करून ठेवा. गरम इंजिनावर सगळे प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून सहाही सिलिंडरचं कॉम्प्रेशन घ्या. बरं इंजिन १०० ते १२० पौंड दाखवतं. आकड्यापेक्षा फरक महत्त्वाचा: सहाही दहा पौंडांच्या आत हवेत. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑईल घालून परत मोजा. दाब वाढला तर रिंगा गेल्या, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. दुसरी चाचणी व्हॅक्यूम गेजची. सुई स्थिर १८ ते २० इंचांवर राहायला हवी. ठरावीक अंतराने ती खाली झटका खात असेल तर एखादा व्हॉल्व्ह जळलाय. माझा अंदाज तुमच्या गाडीत पाच आणि सहा नंबरचे सिलिंडर कमी येतील असा आहे, आणि त्याचं कारण पुढे सांगतो.

या ब्लॉकमध्ये, पाण्याच्या पंपाच्या मागे, एक पातळ पत्र्याची चपटी नळी आडवी सरकवलेली असते. पुढून मागेपर्यंत, जवळजवळ ब्लॉकच्या लांबीएवढी. तिला ठरावीक अंतरावर खाचा आहेत, आणि त्या प्रत्येक खाचेतून गार पाणी थेट एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटकडे जातं. साईड व्हॉल्व्ह इंजिनात जळालेला वायू ब्लॉकच्या आतूनच बाहेर पडतो, म्हणून ब्लॉकचा तोच भाग सगळ्यात जास्त तापतो, आणि क्रायस्लरच्या इंजिनियरांनी नेमकं तिथेच पाणी नेलं. ही नळी गंजली की पुढच्या भोकातूनच सगळं पाणी परत फिरतं. एक-दोन नंबर गार राहतात आणि पाच-सहा भाजतात. काट्यावर तापमान ठीक दिसतं, कारण काटा हेडमधलं पाणी मोजतो, सहा नंबरच्या व्हॉल्व्हजवळचं नाही.

हे मी वाचून शिकलो नाही. धंद्यात नवा होतो तेव्हा एका डॉजचं इंजिन मी पूर्ण बांधलं. नवे पिस्टन, नव्या रिंगा, नवे व्हॉल्व्ह, क्रँक ग्राइंड. नळीला हात लावला नाही, कारण ती काढायची तर रेडिएटर उतरवावा लागतो आणि ती जागेवर घट्ट बसली होती. गाडी तीन हजार किलोमीटरात परत आली. पाच आणि सहाचे दोन्ही एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळून कडेला पाचर कापल्यासारखे झाले होते. मालकाने गाडी माझ्यावर विश्वासाने सोपवली होती, त्यांचा सगळा खर्च मी परत केला आणि इंजिन पुन्हा उघडलं. त्या वेळी नळी ओढली तर हातात फक्त पुढचा वीतभर तुकडा आला. बाकीची नळी ब्लॉकमध्ये तपकिरी चिखल होऊन बसली होती.

म्हणून तुमच्या इंजिनात पहिलं काम हेच. जाड तारेचा हूक करून नळीच्या पहिल्या खाचेत अडकवा, गंज सोडवणारं तेल दोन दिवस मुरू द्या, आणि हळूहळू, वर-खाली हलवत ओढा. अख्खी निघाली तर नशीब, तुकडे झाले तर तुकडे काढा, पण एकही आत राहू देऊ नका. मग ब्लॉकच्या कडेच्या सगळ्या कोअर प्लगच्या टिकल्या काढून आतला गाळ खरवडा. मी वेल्डिंगची सळई आणि जुनी सायकलची केबल वापरतो. मागच्या टिकलीमागे तीन-चार ओंजळी गाळ निघतोच. नवी नळी शक्यतो पितळेची किंवा स्टेनलेसची घाला. ती सरकवण्याआधी प्रत्येक खाच सीटच्या समोर येते का ते मापून पाहा. स्थानिक कारागिराकडून करवून घेतलीत तर हे माप त्याला कागदावर काढून द्या.

थर्मोस्टॅट काढून टाकलेला असेल तर परत बसवा, ७१ अंशांचा. आपल्याकडे गाडी तापली की थर्मोस्टॅट फेकून द्यायची रीत पडली आहे. त्याने सपाटीला इंजिन इतकं गार राहतं की ऑईल पातळ होत नाही आणि पेट्रोल सिलिंडर धुऊन काढतं. घाटात उकळायचं ते उकळतंच.

ब्लॉक रिकामा झाला की क्रॅक बघायला बसा. या इंजिनात क्रॅक जायची हमखास जागा म्हणजे एक्झॉस्ट सीट आणि सिलिंडर यांच्यामधली अरुंद पट्टी. मॅग्नाफ्लक्स (चुंबकाने क्रॅक शोधायची चाचणी) करणारा जवळ नसेल तर जुनी पद्धत अजून चालते. ती जागा रॉकेलने चांगली भिजवा, कोरडी पुसा, मग वरून खडू घासा. दहा मिनिटांनी पांढऱ्या खडूवर केसाएवढी ओली रेघ उमटली तर क्रॅक आहे. सीटजवळची छोटी क्रॅक टाके घालून, नवीन सीट बसवून वाचवता येते. सिलिंडरमध्ये उतरलेली असेल तर स्लीव्ह टाकावी लागेल.

बोअरचं माप वर, मध्ये आणि खाली, दोन्ही दिशांनी घ्या. दहा थाऊंच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वर उतार किंवा पाच थाऊंच्या वर अंडाकृती झिज असेल तर नुसत्या रिंगा बदलून भागत नाही. वीस वर्षांपूर्वीच्या कामात आधीच वाढीव पिस्टन पडले असतील, त्याच्या डोक्यावर ३०, ४० असा आकडा ठोकलेला असतो तो बघा. ६० थाऊंपर्यंत बोअर करायला हरकत नाही. साठ केल्यावर इंजिन जवळपास २२६ घन इंचाचं होतं, म्हणजे १३० सीसी फुकट मिळाले. त्यापुढे मात्र मी भिंतीची जाडी न तपासता जात नाही. पिस्टन हातात आल्याशिवाय बोअर करू देऊ नका. प्रत्येक पिस्टनवर नंबर टाका आणि त्या त्या सिलिंडरचं होनिंग (दगडाने शेवटची घासणी) त्या पिस्टनच्या मापाला करून घ्या.

क्रँकचं थोडक्यात सांगतो. चार मेन बेअरिंग, शेल बदलता येणारे, पूर्ण दाबाने ऑईल, त्यामुळे हा भाग जीव लावून बनवलेला आहे आणि फारसा त्रास देत नाही. ग्राइंड करायचा असेल तर दहा किंवा वीस थाऊ अंडरसाईज, आणि ग्राइंडिंगनंतर ऑईलच्या भोकांच्या कडा गोल करून घ्या. आतली ऑईलची वाट पेट्रोल आणि लांब ब्रशने स्वतः धुवा. ग्राइंडिंगची धूळ तिथेच लपते आणि पहिल्या शंभर किलोमीटरात नवे शेल खाते. सहा पिस्टन आणि सहा रॉड सोनाराच्या नाहीतर चांगल्या डिजिटल काट्यावर तोलून दोन ग्रॅमच्या आत आणा. याने हॉर्सपॉवर वाढत नाही, पण स्टिअरिंगवरची थरथर जाते आणि माणूस गाडी निर्धास्त चालवतो.

इथे एक वाट आहे जी मला स्वतःला फार आवडते. डी २४ डॉजच्या आणि युद्धकाळातल्या डॉज वेपन कॅरिअरच्या २३० घन इंची इंजिनाचा बोअर तुमच्याएवढाच आहे, फक्त स्ट्रोक चार इंच पाच सूत. त्याचा क्रँक आणि त्याचेच कनेक्टिंग रॉड मिळाले तर ते तुमच्या २३ इंची ब्लॉकमध्ये बसतात. क्रँक एका इंजिनाचा आणि रॉड दुसऱ्याचे असं चालत नाही, कारण रॉडची लांबी वेगळी आहे. ६० थाऊ बोअरबरोबर हे केलं तर जवळपास २३९ घन इंच होतात. बाहेरून कोणाला काही कळत नाही आणि सगळी वाढ नेमकी खालच्या फेऱ्यांत येते. जुन्या ट्रक दुरुस्तीवाल्यांकडे असे क्रँक कधीकधी पडून असतात. विचारून ठेवा, पण त्यासाठी काम अडवून बसू नका.

आता हेड. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे.

१९४८ साली या इंजिनाचं कॉम्प्रेशनचं प्रमाण (मिश्रण किती पट दाबलं जातं) ६.६ होतं, कारण तेव्हाचं पेट्रोल तेवढंच झेपवायचं. आजचं साधं पेट्रोलही त्यापेक्षा कितीतरी वरच्या ऑक्टेनचं आहे. कंपनीने पुढे स्वतःच काय केलं पाहा: १९५७ च्या प्लिमथमध्ये हेच साईड व्हॉल्व्ह २३० घन इंचाचं इंजिन ८ च्या कॉम्प्रेशनवर १३२ हॉर्सपॉवर देत होतं. त्यात कार्बोरेटर आणि कॅमचाही (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा) वाटा होता, पण वाट कुठून जाते ते त्यावरून दिसतं. तुमच्यासाठी मी ७.५ वर थांबेन. साईड व्हॉल्व्हच्या हेडमध्ये पोकळी फार कमी केली तर व्हॉल्व्हकडून सिलिंडरकडे जाणारी वायूची वाटच चेपते, दाब वाढतो पण इंजिनाचा श्वास कोंडतो. घाटात, भर उन्हात, चार माणसं बसवून चालवायच्या गाडीला ७.५ छान जुळतं.

किती घासायचं हे डोळ्यांनी ठरवू नका, मोजा. मी असं करतो. जुनं, आधीच दाबलं गेलेलं पॅकिंग घालून हेड तात्पुरतं आवळतो. एक नंबरचा पिस्टन अगदी वर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद, पिस्टनच्या कडेला आधीच ग्रीसची बारीक रेघ फिरवलेली. शाळेच्या प्रयोगशाळेत असते तशी ब्युरेट स्टँडला लावतो आणि प्लगच्या भोकातून पातळ ऑईल सोडतो. इंजिन जरा तिरकं करून ठेवतो, म्हणजे प्लगचं भोक सगळ्यात उंच येतं आणि हवा आत अडकत नाही. ऑईल भोकाच्या तळाच्या आट्यापर्यंत आलं की थांबायचं आणि आकडा वाचायचा. मूळ इंजिनात एका सिलिंडरची धाव ५९५ सीसीची आणि वरची पोकळी साधारण १०६ सीसी. ६० थाऊ बोअर केल्यावर धाव ६१७ होते, म्हणजे हेडला हात न लावताच कॉम्प्रेशन ६.८ च्या आसपास येतं. ७.५ साठी पोकळी ९५ सीसी हवी. राहिले ११ सीसी, ते फेसिंगमधून, म्हणजे हेडचा तळ घासून, काढायचे.

हेड आधी ३० थाऊच घासून घ्या, परत मोजा, मग पुढचं ठरवा. कोणीतरी आधी घासलेलं हेड असू शकतं, म्हणून दुसऱ्याच्या गाडीचा आकडा तुमच्या गाडीला लावू नका. शेवटी एक तपासणी चुकवायची नाही: व्हॉल्व्हच्या डोक्यावर मुलांच्या खेळातली मऊ क्ले ठेवा, पॅकिंग घालून हेड आवळा, क्रँक हाताने दोन फेऱ्या फिरवा आणि उघडून क्लेची जाडी ब्लेडने कापून मोजा. ६० थाऊंपेक्षा पातळ असेल तर हेडमध्ये त्या जागी थोडं खोदून घ्यावं लागेल.

व्हॉल्व्हबद्दल एक दिलासा. २००० साली आपल्याकडे शिसं असलेलं पेट्रोल बंद झालं तेव्हा जुन्या गाडीवाल्यांना सीट झिजून खचतील ही भीती होती. या इंजिनात एक्झॉस्टच्या सीट कारखान्यातूनच कठीण धातूच्या, वेगळ्या बसवलेल्या आहेत. त्या सैल किंवा भेगाळलेल्या नसतील तर राहू द्या. गाईड मात्र बदला, आणि सीट कापताना नव्या गाईडवरून कापा, जुन्यावरून नाही. सीटच्या खालचा खळगा, जिथे ओतीव लोखंडाची कड राहिलेली असते, तो ग्राइंडरच्या बारीक दगडाने गुळगुळीत करा. दोन संध्याकाळचं हाताचं काम आहे, खर्च शून्य, आणि माझ्या अनुभवात दोन कार्बोरेटरपेक्षा याचा फरक जास्त जाणवतो. सिलिंडर आणि व्हॉल्व्हमधली ब्लॉकची पट्टी मात्र खोदू नका. त्याने हेडमध्ये कमावलेलं कॉम्प्रेशन हातचं जातं.

कॅम घासून बदलून देतो असं कोणी म्हटलं तर नको म्हणा. मूळ कॅम खालच्या फेऱ्यांसाठीच कोरलेला आहे, तोच आपल्याला हवा. टॅपेटचे (कॅम आणि व्हॉल्व्हच्या मधल्या दट्ट्यांचे) तळ झिजून खोलगट झाले असतील तर तेवढे फेस करून घ्या आणि टायमिंग चेन नवी टाका.

मॅनिफोल्डमध्ये हीट रायझर नावाची झडप असते, थंड देशात सकाळी कार्बोरेटर गरम करायला. बहुतेक गाड्यांत ती गंजून बंद अवस्थेत अडकलेली सापडते. मग साताऱ्याच्या उन्हात एक्झॉस्टचा सगळा गरम वायू कार्बोरेटरच्या बुडाखाली घुमतो. तुमची गाडी घाटात दम टाकते त्यात याचा हात असायची दाट शक्यता आहे. सोडवा, नाहीतर कायमची उघडी ठेवा. कार्बोरेटरखाली पाव इंचाचा बेकलाईटचा स्पेसर घाला.

आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे, त्याचा विचार केल्याशिवाय आज जुनं इंजिन बांधू नये. इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच जेटमधून आलेलं मिश्रण पातळ पडतं, आणि पातळ मिश्रण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापवतं. मेन जेटचा व्यास तीन-चार टक्के वाढवा आणि प्लगचा रंग बघून पक्का करा. पेट्रोलच्या एसी पंपाचा डायफ्राम, रबरी नळ्या, कार्बोरेटरचे कॉर्कचे पॅकिंग, सगळं इथेनॉल सोसणारं हवं. टाकी आतून बघा. इथेनॉल जुना गंज आणि राळ सोडवतं आणि ते सगळं जेटमध्ये येऊन बसतं. शिवाय महाबळेश्वर १३०० मीटरच्या वर आहे. तिथे हवाच विरळ असल्याने कोणतंही साधं इंजिन दहा टक्क्यांहून जास्त ताकद गमावतं. घाटमाथ्यावर गाडी किंचित जड वाटली तर लगेच कार्बोरेटर उघडू नका.

इग्निशनला फार खर्च नाही. डिस्ट्रिब्युटरचा बुश झिजला असेल तर नवा टाका, नाहीतर पॉईंटची गॅप प्रत्येक सिलिंडरला वेगळी पडते. पॉईंट २० थाऊ. सहा व्होल्टच राहू द्या असं मी म्हणेन, फक्त बॅटरीच्या केबल जाड हव्यात. बारा व्होल्टच्या पातळ केबल लावल्यामुळेच सेल्फ जड फिरतो आणि दोष सहा व्होल्टला मिळतो. अर्थ पॉझिटिव्ह आहे हे वायरमनला दोनदा सांगा.

टायमिंगसाठी या इंजिनात एक सुंदर सोय आहे. हेडवर सहा नंबरच्या सिलिंडरच्या वर एक छोटा पाईप प्लग आहे. तो काढून लांब तार आत सोडली की ती पिस्टनवर टेकते. क्रँक हाताने फिरवा, तार बोटाखाली हळूहळू वर येते, क्षणभर थांबते आणि उतरायला लागते. तो थांबण्याचा क्षण म्हणजे सहाचा आणि एकाचाही टॉप. पुलीवरची खूण झिजलेली असली तरी अडत नाही. मूळ सेटिंग टॉपवरच होतं. नव्या कॉम्प्रेशनवर चार अंश आधीपासून सुरुवात करा, घाटात तिसऱ्या गिअरवर दाबून बघा, इंजिनातून टिकटिक (नॉकिंग) आली तर एक अंश मागे या. फायरिंग क्रम १-५-३-६-२-४.

बांधताना रॉड ४५ ते ५०, मेन ८० ते ८५, हेड ६५ ते ७० फूट-पौंड. हेड मधून बाहेरच्या दिशेने, तीन टप्प्यांत. हेडचे बरेच बोल्ट थेट पाण्यात उतरतात, त्यांच्या आट्यांना सीलंट लावा, नाहीतर पाणी आट्यांतून झिरपत राहील. मॅनिफोल्डचे नट मात्र जोर लावून आवळू नका. तो तापून सरकायला जागा हवी, नाहीतर मधोमध तडकतो.

पहिल्यांदा चालू करण्याआधी प्लग काढून सेल्फवर फिरवा, ऑईलचा काटा उठेपर्यंत. मग चालू करून वीस मिनिटं दीड हजारावर ठेवा. नुसतं स्लो चालवत बसलात तर रिंगा बसत नाहीत. पहिले ५०० किलोमीटर साधं मिनरल ऑईल, एक्सलेटर सतत दाबत-सोडत चालवा, आणि घाट नको. मग ऑईल बदला, हेड परत आवळा, आणि इंजिन गरम असताना टॅपेटची फट लावा: इनटेक ८ थाऊ, एक्झॉस्ट १०. त्यासाठी पातळ पाने लागतात, जाड पाने त्या जागेत शिरत नाहीत. घासून करून घ्या.

एवढं सगळं केल्यावर माझ्या अंदाजाने तुम्हाला मूळ ९५ च्या जागी १०५ ते ११० हॉर्सपॉवर मिळतील, पण पसरणीत तुम्हाला जाणवेल ते दुसरंच: जिथे पहिला गिअर टाकावा लागत होता तिथे ती दुसऱ्यावर ओढत राहील. आणि घाट चढणारी गाडी तोच घाट उतरणारही आहे, म्हणून व्हील सिलिंडर आणि ब्रेक लायनिंग याच वेळी नवे करा.

दोन कार्बोरेटरचा विचार एक वर्ष गाडी चालवून झाल्यावर करू. आत्ता हेड उतरवलंत की मला तीन गोष्टी कळवा: पिस्टनवरचा आकडा, सहाही बोअरची मापं, आणि ती पाण्याची नळी अख्खी निघाली की तुकड्यांनी. त्यावरून पिस्टन कोणते मागवायचे ते नक्की सांगतो.